नववं कलम

अकरा वर्षं मी सरकारला सल्ला दिला आणि आता तीन वर्षं विद्यापीठात शिकवतो आहे. फरक एवढाच, की सरकार ऐकून विसरायचं आणि मुलं ऐकतच नाहीत. माझा एकच अहवाल सरकारने शब्दन्‌शब्द अमलात आणला. लहान सरकारी दवाखाने कोणते ठेवायचे आणि कोणते बंद करायचे, त्याचा.

त्यातलं नववं कलम माझं लाडकं. पूर्वी बंद करायच्या दवाखान्यांची यादी निघाली की फोन सुरू व्हायचे. ज्याचा वशिला मोठा त्याचा दवाखाना वाचायचा. म्हणून मी लिहिलं, की ज्या दवाखान्यासाठी कोणाचाही फोन येईल त्याचं नाव यादीत सगळ्यात वर घ्यावं आणि आठवड्याच्या आत निकाल लावावा. शिवाय एक तळटीपही घातली: ‘मी नुसती चौकशी करतोय’ म्हणणाऱ्याचा फोनही शिफारसच समजावा. फोन थांबले. हे कलम शिकवताना अजून माझा आवाज चढतो.

गुरुवारी दोन तासांच्या मधे ताईचा फोन आला. विद्यापीठातल्या माझ्या खोलीत कपाटाचं दार लागत नाही, म्हणून मी पाठ टेकवून ते दाबून उभा होतो.

“अरे, आमचा डायलिसिसचा दवाखाना यादीत आलाय,” ती म्हणाली. “दहा पेशंट आहेत, बारा हवेत म्हणे. आता दोन बाहेरून आणू का मी? हे बारा ठरवले तरी कोणी?”

बारा मी ठरवले होते. दहाही चालले असते, पण बारा आकडा कागदावर जास्त ठाम दिसत होता.

भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, आठवड्यातून तीनदा मशीन लागतं. पुढचा दवाखाना अडीच तासांवर. डायलिसिसनंतर त्यांना दवाखान्याच्या पायऱ्याही धड उतरता येत नाहीत. तो प्रवास ते किती दिवस काढतील, हे ताईला कळत होतं आणि मलाही.

“तू बोलून बघ ना,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्याकडे काही मागितलं.

माझ्या जागी आता टाचणी बसतो. माझाच जुना मदतनीस. कागदाला कागद टाचल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. मी त्याला फोन लावला. नववं कलम मला पाठ होतं, पण ते वशिलेबाजांसाठी. मी घरचा माणूस, असं कुठेतरी मनात होतं. माणूस स्वतःच्या बाबतीत किती बिनडोक असू शकतो, बघा.

“नुसतं विचारतोय रे,” मी दवाखान्याचं नाव सांगून म्हणालो. “त्याचं काय चाललंय?”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“सर,” तो म्हणाला, “यादीत तो एक्केचाळिसावा होता. आठ महिने तरी हात लागला नसता. तोवर दोन पेशंट वाढलेही असते.”

“मग राहू दे तसाच. मी फोन केलाच नाही असं समज.”

“फोनची नोंद आपोआप होते, सर. तुम्हीच बसवून घेतलं होतं ना ते.” तो म्हणाला, “तुम्ही पत्र तरी पाठवायचं होतंत. पत्राबद्दल कलमात काही नाही.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी वरच्या साहेबांना पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं, की आपल्याच नियमाला आपणच अपवाद मागावा याचं आश्चर्य वाटतं. मलाही वाटत होतं. शनिवारी हुकूम निघाला. त्याची प्रत टाचणीने मला पाठवली. दवाखाना बुधवारपासून बंद.

रविवारी सकाळी ताईने फोन केला. हुकूम अजून तिकडे पोचला नव्हता.

“आमच्या डॉक्टरांना कोणीतरी सांगितलं, वरच्या ऑफिसात आपल्यासाठी फोन गेला म्हणून,” ती म्हणाली. “सगळे पेशंट तुझं नाव घेताहेत. थांब, यांना बोलायचंय.”

‘ताई, ऐक’ म्हणायचं धैर्य होईपर्यंत फोन भाऊजींच्या हातात गेलाही होता.

“प्रोफेसर,” ते दम घेत म्हणाले, “ही उगाच काळजी करते. उद्या सोमवारी मशीन आहे ना माझं?”

“सोमवारी आहे,” मी म्हणालो.