आईच्या चपला, डावीकडे

माझं काम आवाज हलवायचं. रेडिओवरच्या नाटकात घोडागाडी उजवीकडून डावीकडे गेली की समजा, ती मी नेली. बाबांना त्याचं कधी कौतुक नव्हतं. "आवाज इकडून तिकडे ढकलायला शिकावं लागतं होय?" म्हणायचे.

मग त्यांच्या मेंदूत गुठळी अडकली आणि त्यांची डावी बाजूच नाहीशी झाली. डोळे धडधाकट, कान तिखट, पण डावीकडेही जग आहे हे त्यांच्या ध्यानातच येईना. अर्धंच ताट जेवायचे आणि "पोटभर वाढत नाही कुणी" म्हणून माझ्यावर डाफरायचे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, सगळ्यांनी डावीकडेच बसा, त्यांना मान वळवायला लावा. आई तिथेच हट्टानं खुर्ची टाकून बसली. बाबा रोज उजवीकडे बघत मला विचारायचे, "तुझी आई कुठं उलथलीय?"

"अहो, इथेच आहे," आई म्हणायची. ते तिला उजवीकडेच शोधत बसायचे.

शेवटी मी पलंगाच्या दोन्ही बाजूंना स्पीकर लावले. आईच्या चपलांची फटफट रेकॉर्ड केली आणि त्या आवाजावर ऑटो-पॅन टाकला. तो आवाजाला उजवी-डावीकडे एकसारखा झुलवत राहतो. बाबांचे डोळे मध्यापर्यंत जायचे आणि तिथेच अडायचे.

"बाबा, बघा ना आवाजामागे!" मी खेकसले.

"कशाला? येईल की परत. जातोय कुठं!"

अरे देवा! बरोबरच होतं त्यांचं. झोपाळ्यामागे कोण धावतं? मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

ऑटो-पॅनमध्ये एन्व्हलपची सोय असते. हालचाल कशी सुरू व्हावी, कधी वेग घ्यावा, कुठे टिकावी, याची रेघ आपणच ओढायची. मी आईला खोलीत चालायला लावलं. गुडघ्यांमुळे ती सावकाश उठते, जरा रेंगाळते, मग झपझप जाते आणि खुर्चीपाशी थबकते. मी हुबेहूब तशीच रेघ ओढली. सुरुवात संथ, मग चढ, मग डावीकडे मुक्काम. परत यायचं नाहीच.

आई खुर्चीत बसली. मी आवाज सुरू केला.

फट... फट. बाबांचे डोळे मध्यावर येऊन थांबले. पावलं झपझप पुढे निघाली.

"अगं, निघालीस कुठं?" बाबा पुटपुटले, आणि त्यांची मान वळली. खरंच वळली हो! अख्खा जन्म आवाज हलवण्यात गेला माझा, पण आवाजानं माणूस हललेला मी पहिल्यांदाच पाहिला. अंगावर सरसरून काटा आला. हात जोडावेत तर कुणाला, तेही सुचेना.

बाबा आईकडे बघतच राहिले.

"कधी आलीस?"

दुखणं आल्यापासून रोज त्याच खुर्चीत बसून असलेल्या आईनं नाक पुसलं.

"ही काय, आत्ताच."