मोठ्या भावाचं मागचं चाक

माह्या सासऱ्याच्या कपाटात सायकल रेसचे अठरा कप आहेत. नऊ पहिल्या नंबराचे, ते माह्या भासऱ्याचे, म्हणजे यायच्या, माह्या नवऱ्याच्या, मोठ्या भावाचे, किसनरावचे. नऊ दुसऱ्या नंबराचे, ते आमच्या यायचे. अमरावती असो का अकोला, त्रेपन्न सालापासून एकसष्टपर्यंत दरसाल हाच निकाल. लोक म्हणत, काय जोडी आहे!

जोडी कायची, कप्पाळ! सासरा स्वतः जुना रेसवाला. त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मोठ्याच्या पुढं लहान्यानं सायकल काढाची नाई." शेवटच्या फेरीची घंटा वाजली का हे मांगून भरभर येत, किसनरावच्या मागच्या चाकापाशी पोचत, अन् तिथंच पाय आवरत. माहा जीव तिळतिळ तुटे.

"एक डाव तरी पुढं काढा ना," मी म्हणायची.

"अवं, तो मोठा आहे," हे म्हणत, अन् कप पुसत बसत. भावाचेसुद्धा.

बासष्ट साली अकोल्याले शेवटची रेस. शेवटच्याच फेरीत किसनरावचं टायर फुटलं. मैदान मोकळं! मी तर उभीच राहिली. अन् बाप्पा, आमचे हे खाली उतरून भावाले आपली सायकल देऊन राहिले! तेवढ्यात कोणी एक चष्मेवाले ड्रॉइंग मास्तर पुढं निघून गेले.

परवा अमरावतीले किसनरावचा सत्कार झाला. भाषणात म्हणे, "माहा भाऊ गुणी, पण जिंकाची जिद्द नव्हती त्याच्यात." अन् हे टाळ्या वाजवून राहिले!

माहं टाळकं सरकलं. घरी चहा देताना भासऱ्यासमोर जलमात पहिल्यांदा तोंड उघडलं. "जिद्द नव्हती? तुमच्यासाठी पाय आवरला त्याइनं, दरसाल!"

किसनरावनं बशी खाली ठेवली. "मले मालूम नाई काय? त्याचा श्वास माह्या मानेले लागे." मंग भावाकडं वळून म्हणे, "लेका, मी वाट पाहून राहिलो होतो तुही. एक डाव पुढं गेला असता, तर बाबानं मले सोडलं असतं. मले मोर्शीले संत्र्याचा बगीचा लावाचा होता. सायकल मले कवाच आवडली नाई."

हे कपाटाकडं पाहत म्हणाले,

"मंग बाबाले सांगतलं काहून नाई?"

"कसं सांगू?" किसनराव म्हणे. "ते मोठे ना."