घाट्याची गोळी

दिपमालाचा घाटा खाली लागला की जळका वास सोनगीरच्या त्या अख्ख्या गल्लीत जायचा. बिबड्यांसाठी, म्हणजे उन्हात वाळवायच्या पापडांसाठी, ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवताना पातेल्यावरून नजर हलवायची नसते, आणि हिची नजर कावळ्यामागेसुद्धा जायची. "ध्यान कोठे शे वं तुनं?" सासू भिकुबाई ओरडायची. ध्यान कुठे असतं हे दिपमालाला ठाऊक असतं तर तलाठ्याच्या परीक्षेत ती दोनदा आपटली असती का?

शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन निरोप नेतं. तो निरोप घ्यायला पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे दारंच समजा. तुमच्याकडे निरोप दारापर्यंत पुरेसा पोचत नाही, म्हणून लक्ष टिकत नाही. यात आळस नाही, बाई. हे ऐकून दिपमाला तिथेच रडली. बत्तीस वर्षं तिला कुणी असं म्हटलंच नव्हतं.

गोळ्या महिन्याच्या मोजून मिळाल्या. आपण हरवू, म्हणून तिनं त्या आपणहून सासूकडे ठेवायला दिल्या. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली!

पहिल्याच गोळीला घाटा लागला नाही. भिकुबाई हरखली. उन्हाळ्यात बायका एकमेकींकडे बिबड्यांना जातात. आता प्रत्येक घरी दिपमालाच पातेल्यावर. "मनी सून घाटा लागूच देस नही!" म्हातारी मिरवायची. ज्या दिवशी घाटा, त्या दिवशी गोळी. अभ्यासाच्या दिवशी मागितली तर म्हणायची, "बसीसन वाचाले गोळी कसाले?" कपाटाची किल्ली तिच्या कमरेला.

परीक्षा रविवारी होती. नवऱ्यानं, नवलनं, बजावलं होतं, "ही शेवटची. नंतर नाव काढायचं नाही." सकाळी दिपमालानं हात जोडले.

"एकच उरेल शे," भिकुबाई म्हणाली. "सोमवारले शेवंताबाईकडे घाटा शे. मी शब्द देयेल शे!"

"आई, आजचा दिवस फक्त!"

"आई म्हणते ते ऐक," नवल गाडी पुसत म्हणाला.

भिकुबाईनं तिच्या तळहातावर दहीसाखर ठेवली, तीही अगदी मनापासून. त्या मायेचाच दिपमालाला संताप आला.

धुळ्याच्या केंद्रात तिनं एक गणित पाच वेळा वाचलं. एक नळ टाकी बारा तासांत भरतो, दुसरा वीस तासांत. दोन्ही सोडले तर? पुढच्या बाईच्या बांगड्या वाजत होत्या. पंखा कुरकुरत होता. एका वाक्याचं शेपूट हाती येईतो त्याचं तोंड सुटत होतं. वेळ संपली तेव्हा निम्मे प्रश्न कोरे होते.

सोमवारी सकाळी भिकुबाईनं गोळी दिली. दिपमालानं गिळली, काय करणार!

शेवंताबाईच्या अंगणात घाटा रटरटत होता. तासाभरात डोकं लख्ख झालं. हात फिरत राहिला आणि उत्तर आपसूक समोर आलं, साडेसात तास. मग पुढचं गणित सुटलं. मग त्याच्या पुढचं. कालचा एकेक प्रश्न येत होता आणि बरोबर सुटत होता.

"बघा, कशी तल्लीन झाली!" शेवंताबाई कौतुकानं म्हणाली.