गिऱ्हाइकाची खुर्ची

शालनकाकूंनी दोन वर्षांपूर्वीच जाहीर करून टाकलं होतं, की बिल्डिंगच्या गेटबाहेर त्या आता एक तर स्वतःच्या पायांनी जातील, नाहीतर चौघांच्या खांद्यावरून. मधला मार्ग नाही. आणि काकूंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे बेव्हर्ली पार्कातल्या त्या बिल्डिंगीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक.

कारण होतं गुडघा. जिन्यात पाय घसरला, ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण उजवा पाय वाकायचं विसरला तो विसरलाच. घरात वॉकर घेऊन काकू सगळं करत; पण रिक्षात पाय मावेना. मुलाच्या, सुयोगच्या गाडीत बसवायचा एकदा प्रयत्न झाला. दोघांनी काखेत हात घातले, एकानं पाय धरला, वॉचमननं मागून रेटलं, आणि समोरच्या बाल्कन्यांतून अख्खी सोसायटी बघायला उभी. "मी काय लोखंडी कपाट आहे?" काकू कडाडल्या, आणि तो प्रयोग तिथंच संपला.

तेव्हापासून त्यांचे यजमान, रघूकाका, लग्नामुंजींना एकटे जाऊन जेवत होते. घरी आले की काकू विचारत, "काय काय होतं पानात?" काका सांगत, "काही खास नव्हतं." बासुंदी असली तरी हेच सांगत.

मग डिसेंबरात सफाळ्याहून फोन आला, काकूंच्या धाकट्या बहिणीचा, सुगंधाचा. तिच्या पिंकीचं लग्न ठरलं होतं. पिंकी लहानपणी दोन वर्षं काकूंच्याच हाताखाली वाढलेली. "ताई, पहिली हळद तुझ्या हातची," सुगंधा म्हणाली. काकू हसून म्हणाल्या, "मोबाइलवरून लावीन गं." फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेल्या आणि एक्झॉस्ट फॅन लावला. गॅसवर काहीच नव्हतं. काका दाराशी उभे होते. पंख्याच्या आवाजाआड बायको रडतेय हे त्यांना कळलं.

हळद होती फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी. हिला तिथं न्यायचीच, असं काकांनी मनाशी ठरवलं.

"हल्लीच्या गाड्या म्हणजे डबे," ते रात्री जेवताना सुयोगला हळूच म्हणाले. "आपल्या पंढरीशेठची लांब गाडी आठवते का तुला?"

पंढरीनाथ राई गावचे. काकांचं मोरव्याच्या नाक्यावर पस्तीस वर्षं केस कापायचं दुकान होतं, आणि पंढरीनाथ पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. एकेकाळी त्यांची मिठागरं होती आणि एक अ‍ॅम्बेसेडर होती. साधी नव्हे हां, इस्टेट! मागं डिकीच्या जागी छपराला भिडलेली अख्खी खोली. तिच्यातून मिठाची पोती गेली, वऱ्हाडं गेली, एकदा म्हशीचं पारडूही गेलं. आता वीस वर्षं ती अंगणातल्या चिंचेखाली उभी होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या.

"न्या नं," पंढरीनाथ म्हणाले. "पन सांगून ठेवतो रघूदादा, इंजिन हाय, पत्रा न्हाय. आमच्याच मिठानं खाल्लाय."

राईच्या रस्त्यावरच रोशनचं गॅरेज. त्यानं गाडीखाली शिरून टॉर्च मारला, तर उजेड आत बसलेल्या काकांच्या चपलांवर पडला. "अंकल, ये गाडी नहीं, छलनी है!"

"छलनी भी घर में लगती है बेटा," काका म्हणाले. "तू काम शुरू कर."

झालं, बापलेकांना नाद लागला. दर रविवारी सुयोग गंज खरवडायचा आणि काका स्टुलावर बसून त्याच्या चुका काढायचे. तळाचा पत्रा नवा आला. मागच्या सीटखाली कोंबडीची पिसं आणि पावशेर मीठ निघालं. सून संचितानं रंग निवडला, पिस्ता. रोशन म्हणाला, इतनी बडी गाडी को पिस्ता? मग लावल्यावर स्वतःच चार फोटो काढून बायकोला पाठवले. मागच्या खोलीत वॉकर, आहेराच्या पिशव्या आणि नात कृतिका, सगळं आरामात मावत होतं. काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. बापलेक रविवारी कुठं जातात विचारलं, की "हास्यक्लबला" असं उत्तर मिळे.

पण घोडं अडलं ते मुद्द्याच्याच जागी. पुढची सीट ऐसपैस होती, दारही मोठं होतं, तरी न वाकणारा पाय दाराच्या खांबाला अडत होता. ट्रायलसाठी कृतिकाच्या गुडघ्यामागं लाटणं बांधलं. अकरा वर्षांची पोर, तिलाही तिरकं होऊन, सरकून, कण्हत बसावं लागलं. सुयोगनं स्पॅनर खाली टाकला. "बाबा, परत तेच होणार. आईला परत चारचौघांत उचलावं लागणार."

काकांनी स्पॅनर उचलून जागेवर ठेवला. घरी आले, तर बाल्कनीतून कुरकुर असा ओळखीचा आवाज.

आता ही बाल्कनीची गोष्ट सांगायलाच हवी. नाक्यावरची दुकानाची बिल्डिंग पाडायला निघाली तेव्हा दुकान गेलं, पण दुकानातली एक खुर्ची काकांनी घरी आणली होती. गोल फिरणारी, पांढऱ्या मुलाम्याच्या हातांची, मान टेकायला उशी असलेली. डाव्या हाताचा एक टवका उडालेला, तेवढाच काय तो डाग. दसऱ्याला तिला हार पडे. आणि तिच्यात घरच्या कुणी बसायचं नाही, हा काकांच्या वडलांपासूनचा नियम. खुर्ची गिऱ्हाइकाची. घरचे बसले की गिऱ्हाईक तुटतं. आता दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, काकांच्या हातात कात्रीसुद्धा नाही. पण नियम म्हणजे नियम. काका स्वतःही शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पेपर वाचत.

तर त्या खुर्चीत, त्यांच्याआधी घरी पोचलेली कृतिका बसली होती आणि गरागरा फिरत होती. लाटणं पायाला तसंच.

काकांनी ओरडायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. कारण पोरीचा ताठ पाय बाल्कनीच्या दाराजवळून सुर्रकन फिरून गेला. कुठं अडला नाही, कुठं घासला नाही.

"अजून एकदा फिर," काका म्हणाले.

"ओरडणार नाही ना आबा?"

"फिर गं बाई, फिर!"

दुसऱ्या दिवशी काकू डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलत असताना खुर्ची लिफ्टनं खाली गेली. "विकली," काकांनी सांगितलं. "सुंठीवाचून खोकला गेला," काकू म्हणाल्या आणि त्या जागी कोथिंबिरीच्या कुंड्या मांडल्या. काकांना जरा लागलं. पस्तीस वर्षं जिनं पोट भरलं तिच्याबद्दल असं बोलावं? पण काकूंचं त्या दुकानाशी कधी जमलंच नव्हतं. लग्नानंतर एक-दोनदा आल्या असतील. मग "केस उडतात, मला शिंका येतात" म्हणून पायरी चढल्या नाहीत ते नाहीतच. डबासुद्धा शेजारच्या कुणाबरोबर पाठवत.

रोशननं खुर्चीखालचा उंच पंप काढला, फिरकी ठेवली, आणि ती गाडीत पुढच्या सीटच्या जागी रुळांवर बसवली. आधी खुर्ची मागं सरकवायची, मग दाराकडे वळवायची, माणूस बसलं की आत फिरवायची आणि खटका लावायचा. वर मरून रेक्झिन, नवा पट्टा. सुयोगनं डॉक्टरांचा दाखला घेऊन आरटीओच्या पाच खेपा घातल्या, तेव्हा कुठं कागद हातात पडले. पांढरे हात मात्र काकांनी झाकू दिले नाहीत. टवकाही तसाच राहू दिला.

शनिवार उजाडला. काकूंना पिवळी साडी नेसवून, "खाली फोटो काढायचाय," असं सांगून संचितानं लिफ्टमध्ये घातलं. गेटाशी गाडी उभी. पिस्ता रंग उन्हात असा काही खुलला होता, की दूधवालाही सायकल लावून बघत होता.

"अगंबाई!" काकू वॉकरवर थबकल्या. "ही राईच्या शेठची ना? हिचा उद्धार कुणी केला?"

"आम्ही," सुयोग म्हणाला. "तुझ्यासाठी. सफाळ्याला जायचंय. कुणी उचलणार नाही, कुणी ढकलणार नाही. बघ!" त्यानं दार उघडलं, खटका ओढला, आणि खुर्ची मागं सरकून झोकात बाहेर वळली. कृतिकानं टाळ्या वाजवल्या. वॉचमननं शिट्टी मारली. काकूंचा चेहरा असा उजळला, की काकांना वाटलं, जिंकलो.

काकू दोन पावलं पुढं आल्या. खुर्चीचा हात धरायला बोटं पुढं केली. टवक्याला बोट लागलं, आणि त्या थांबल्या.

"ही तीच खुर्ची ना?"

"तीच!" काका छाती फुगवून म्हणाले. "ओळखलीस की नाही?"

"मी नाही बसणार हिच्यात," काकू म्हणाल्या. मागं वळल्या आणि पाय पुढं ताणून वॉचमनच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

सुयोगनं "अगं आई," म्हणून बघितलं. संचितानं घड्याळ दाखवलं. काका भांबावले. "शालन, झालं तरी काय?"

"तुम्ही मला उठवलं होतंत," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून सगळ्यांना जास्तच ऐकू आला. "लग्नाला अठरा दिवस झाले होते. मी डबा घेऊन दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, एवढा मोठा आरसा, जरा बसून बघावं कशी दिसते. नवी नथ होती. बसले, तेवढ्यात दोन माणसं आली आणि तुम्ही म्हणालात, ऊठ! ही गिऱ्हाइकाची खुर्ची आहे. परक्या माणसांसमोर. मी उठले. शिंकाबिंका काही येत नव्हत्या मला."

चाळीस वर्षांपूर्वीची दुपार काकांना आठवेना. आणि मग एकदम आठवली. आरशातली नथ आठवली. आपण "ऊठ" म्हणालो, ती डबा तिथंच ठेवून गेली, आणि आपण तो मजेत जेवलो, हेही आठवलं. त्यांना इतकी लाज वाटली की मान वर होईना. एवढी वर्षं हजारो माणसांना बसा, बसा म्हणालो, आणि हिला?

काका गाडीच्या मागं गेले. आपल्या पिशवीतून टॉवेल काढला. दुकानात खांद्यावर असे तसाच, पांढरा, निळ्या काठाचा. खुर्चीपाशी आले आणि टॉवेल दोनदा फाडकन झटकला. एकदा बैठकीवर, एकदा पाठीवर. मोरव्याच्या नाक्यावर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी झटकत तसाच. मग खुर्ची बरोबर काकूंच्या दिशेनं वळवली, पाठीवर हात ठेवला आणि किंचित वाकले.

"या बाईसाहेब. तुमचा नंबर आला."

काकूंची नजर टॉवेलवरून खुर्चीवर गेली.

"फार थांबवलं," काका म्हणाले. "चुकलं माझं, शालन. त्या दिवशीच चुकलं."

"आणि दुसरं गिऱ्हाईक आलं तर?"

"बाकावर बसवीन त्याला."

काकूंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्या उठल्या, वॉकर टेकत आल्या, पाठमोऱ्या झाल्या आणि खुर्चीत बसल्या. काकांनी हलक्या हातानं खुर्ची फिरवली. ताठ पाय दाराच्या खांबासमोरून सुखरूप गेला. खटका लागला. गिऱ्हाइकाला कापड गुंडाळावं तसा त्यांनी पट्टा लावला.

सुयोगनं किल्ली फिरवली. गाडी खाकरली, थुंकल्यासारखं करून चालू झाली.

"थांब," काकू म्हणाल्या. "आरसा कुठाय?"

काकांनी मागच्या सीटवरून हात घालून मधला आरसा सरळ त्यांच्याकडं वळवला.

"बाबा! मला मागचं दिसत नाही!"

"तुला नंतर. तिचं होऊ दे."

काकूंनी कुंकू नीट केलं, केसांची बट मागं घेतली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. कुणाचीही घाई मनावर घेतली नाही. गेटाबाहेर पडताना त्यांनी वॉचमनला हात केला.

सफाळ्याला मांडवाच्या दारापर्यंतच गाडी गेली. खुर्ची बाहेर वळली आणि बायकांचा घोळका जमला. पिंकीला पाटासकट उचलून गाडीपाशी आणलं, आणि पहिली हळद काकूंनी बसल्या जागेवरून लावली. पिंकी रडली, सुगंधा रडली, काकू तेवढ्या रडल्या नाहीत. त्यांनी उरलेली हळद काकांच्या गालाला फासली. मग एकेक बाई येऊन खुर्चीवर हात फिरवून जाऊ लागली.

सुगंधाला काही राहवेना. सकाळपासून उभं राहून तिचेही पाय भरून आले होते. "ए ताई," ती लाडानं म्हणाली, "ऊठ ना जरा. मला बघू दे बसून."

काका दोन हातांत बासुंदीच्या दोन वाट्या घेऊन येत होते. ते मधेच थांबले.

"सुगंधा, तिला उठवायचं नाही," ते म्हणाले. "नंबर लाव आणि बाकावर बस."