बंपर हसला तेव्हा

"हा खटारा विका, नाहीतर मी चालले माहेरी," असं ताईनं बजावलं, म्हणून भाऊजी जाहिरातीसाठी गाडीचा फोटो काढायला बसले. कॅमेरा स्वस्तातला, खिशात मावणारा. पण समोरचा चेहरा हसल्याशिवाय तो फोटोच काढेना. गाडीचे दिवे त्याला डोळे वाटले आणि लोंबता बंपर म्हणजे रुसलेलं तोंड. मी विनोद सांगून दमलो. भाऊजींनी तर बंपरखाली गुदगुल्या केल्या.

"अहो, मला हसवायला कधी एवढी धडपड केलीत का?" ताई दारातून कडाडली.

त्याबरोबर बंपर दोन बोटं वर चढला आणि फोटो निघाला, अगदी शपथेवर सांगतो!

ताईनं फोटो निरखून पाहिला.

"राहू द्या हिला," ती म्हणाली. "या घरात माझ्या बाजूची ही एकटीच आहे."