दोन माणसांचे काम

शनिवारची दुपार होती. शिवणाच्या टेबलावरचे मशीन बाजूला सरकवून आईने तिथे आपला संगणक उभा केला होता. त्याचे एका बाजूचे झाकण काढलेले होते.

आईचे वय त्रेसष्ट. चाळीस वर्षे तिने शाळांचे गणवेश शिवले. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा काम थांबवले आणि मोठ्या पडद्यावर गाड्यांच्या शर्यती खेळू लागली. खेळात तिचे नाव होते ‘टाचणी’. संगणकही तिने स्वतःच जोडला होता. एकदा पंखा बदलला, एकदा मेमरी वाढवली. आता खेळातली चित्रे सफाईने हलवणारे नवे ग्राफिक्स कार्ड आले होते, विटेसारखे लांब आणि जड.

“अगं, दोन मिनिटं येतेस का?” तिने हाक मारली. “हे कार्ड टोकाला झुकतंय. तू वर उचलून धर, मी स्क्रू पिळते.”

लेक पलीकडच्या खोलीत ऑफिसचे काम घेऊन बसली होती. तिथूनच ती म्हणाली, “आई, लोकांच्या आया या वयात गुडघ्यांना तेल चोळतात. तुझं हे काय चाललंय?”

“माझे गुडघे ठणठणीत आहेत. गाडीच वळणावर अडखळते.”

“उद्या बघू.”

“बरं बाई, उद्या.”

लेक वाईट नव्हती. तिला फक्त लाज वाटायची. ऑफिसातल्या मैत्रिणी एकदा घरी आल्या, तेव्हा रंगीत दिवे लागलेल्या त्या पेटीकडे पाहून एकीने विचारले, “हे कुणाचं गं?” लेक चटकन बोलून गेली, “दादाचं.” आई पाण्याचे पेले घेऊन दारातच उभी होती. मैत्रिणी गेल्यावर ती एवढेच म्हणाली, “दादाला सांग, फार सुसाट चालवतो हो गाडी!” दोघी हसल्या. विषय तिथेच संपला, असे लेकीला वाटले.

रविवारी सकाळी आई दूध आणायला निघाली आणि जिन्यातच कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळे संपले होते.

तीन आठवड्यांनी परगावाहून दादाचा फोन आला. “ते खोकं काढून टाक आता. कोण वापरणार आहे?” लेकीने संगणकामागच्या चिकटपट्टीवरचा दुकानाचा नंबर लावला. “माझ्या भावाचा जुना गेमिंग संगणक आहे, विकायचाय,” ती म्हणाली. खोटे इतके सवयीचे झाले होते की आईच्या माघारीही तेच तोंडातून निघाले.

दुकानदार दुपारी आला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. त्याने झाकण काढले आणि तो थबकला. आतल्या सगळ्या वायरी हिरव्या दोऱ्याने बांधल्या होत्या, बटणाच्या काज्यासारख्या घट्ट, एकसारख्या टाक्यांनी.

“भावाचा कसला? हा मावशींचा संगणक! कुठे आहेत त्या?”

लेकीला सांगावे लागले. तो खुर्चीवर बसला. मग त्याने आत बोट दाखवले. “आणि हे काय?”

कार्डाच्या झुकत्या टोकाखाली दोऱ्याचे एक लाकडी रीळ उभे होते. त्याच्यावर कार्ड कसेबसे टेकले होते.

“मीच सांगितलं होतं त्यांना,” तो म्हणाला, “मावशी, हे दोन माणसांचं काम आहे. एकाने धरायचं, एकाने पिळायचं. घरी आहे का कुणी? तर म्हणाल्या, आहे की! लेक आहे!”

लेकीने पलीकडच्या खोलीच्या दाराकडे पाहिले. लेक आहे! आणि लेक होती कुठे? आठ पावलांवर!

“खेळच तर होता,” ती कशीबशी म्हणाली. “मला वाटलं, काही महत्त्वाचं नाही.”

“ताई, आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची मापं घेतली. स्वतःच्या मापाचं हे एवढंच जोडलं होतं. दुकानात आल्या की मुलांसारखे डोळे चमकायचे त्यांचे. काय चुकलं त्यांचं? आईने फक्त राबायचं, आणि राबणं संपलं की गप्प बसून राहायचं, हे कुणी ठरवलं?”



वाचकहो, हे ठरवणारे आपणच आहोत. म्हाताऱ्या माणसाने औषध मागितले तर आपण धावतो. त्याने खेळायला सोबत मागितली तर हसतो, आणि त्याचा आनंद चारचौघांत लपवतो. त्याचा छंद आपल्याला कळलाच पाहिजे असे नाही. हाक आली की उठावे आणि दोन मिनिटे टोक धरावे, एवढे पुरते. या लेकीला हे कळले तेव्हा हाक मारणारे कुणी उरले नव्हते. कळून उपयोग काय, हा प्रश्न ती अजून स्वतःला विचारते.

“विकायचा नाही,” ती म्हणाली. “दादाला सांगते मी.”

दुकानदाराने मान डोलावली. “मग निदान सरळ बसवू या. स्क्रू तिरका गेलाय. एकट्याने केलं की असं होतं. धरता?”

लेकीने आत हात घातला. रीळ बाजूला काढले तसे कार्डाचे वजन तिच्या बोटांवर आले. वाटले होते त्याहून ते जड होते. दुकानदार स्क्रू ढिला करून पुन्हा पिळू लागला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. शिवणाच्या मशीनसमोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत ती मोठ्याने म्हणाली,

“आई, धरलंय मी. तू पीळ.”