दूरमाहेरचं टेबल

जिचं माहेर महाराष्ट्राबाहेर, तीच ‘दूरमाहेर’ मंडळात, हा नियम बसम्मानं स्वतः घातला होता. ती मुधोळची, विजयमाला बेळगावची, जुलेखा बिदरची. बाकीच्या कुणी हैदराबादच्या, कुणी रायचूरच्या, कुणी थेट केरळातल्या. लग्न करून नाहीतर नवऱ्याच्या बदलीमागं सोलापुरात येऊन पडलेल्या या बायका महिन्यातून एका रविवारी एका शाळेच्या वर्गात जमायच्या, आपापल्या भाषेत पोटभर बोलायच्या, एकमेकींच्या माहेरचं लोणचं चाखायच्या. पण नुसत्या लोणच्यावर मंडळ इतकी वर्षं टिकलं नसतं. त्याचा जीव होता सरकारी दवाखान्यातल्या एका टेबलात.

जिन्याखाली मांडलेलं ते साधं लाकडी टेबल. सकाळपासून दुपारपर्यंत तिथं मंडळाच्या दोघी बसायच्या. इंडी, अफझलपूर, नारायणपेठ अशा ठिकाणांहून माणसं पेशंट घेऊन यायची आणि मराठीचा गंध नसल्यामुळं भांबावून उभी राहायची. केसपेपर कुठं काढायचा, रक्त कुठं द्यायचं, डॉक्टर काय म्हणाले, हे त्यांना कन्नडमधून, तेलुगूतून, उर्दूतून सांगायचं, गरज पडली तर हात धरून न्यायचं. एवढंच काम. पण ते करणारं दुसरं कुणी नव्हतं.

टेबल सुचलं त्याच्यामागं एक दुःख होतं. बसम्मा नवी सून असताना याच दवाखान्यात बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी येऊन काहीतरी सांगू लागले. सासू डबा आणायला घरी गेलेली. बसम्माला मराठी येत नव्हती. मोठं माणूस बोलत असलं की हसून मान हलवावी, एवढंच तिला शिकवलेलं. डॉक्टर बाळ गेल्याचं सांगत होते आणि ती हसून मान हलवत होती. शेजारच्या खाटेवर विजयमाला होती. ती उठून आली, बसम्माचे दोन्ही हात धरले आणि कन्नडमध्ये खरं काय ते सांगितलं. त्या हसण्याबद्दल बसम्मानं नंतर कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. ते फक्त विजयमालाला ठाऊक होतं.

करोनानंतर मंडळाला उतरती कळा लागली. काही जणी देवाघरी गेल्या, काही मुलांकडं पुण्याला, बेंगळुरूला राहायला गेल्या. शाळेनं रविवारी वर्ग द्यायचं बंद केलं, तेव्हा सभा बसम्माच्या गच्चीवर होऊ लागल्या. उगादीला, म्हणजे पाडव्याला, होळिगे म्हणजे पुरणपोळ्या आणि ईदला शीरखुर्मा विकून टेबलाचा खर्च निघायचा. आता लोक मोबाइलवरून खाणं मागवायला लागले. टेबलावर बसायला बायका मिळेनात. मग बसम्माच दुखरा गुडघा घेऊन जवळजवळ रोज जाऊ लागली. तिचा नवरा सिद्धाप्पा म्हणायचा, बास कर आता, तू काय पगार घेतीस का तिथला?

अशात विजयमाला एका बड्या घरच्या बाईंना घेऊन आली. त्यांचं नवं फाउंडेशन निघालं होतं. टेबलाच्या जागी काचेची केबिन करू, बसायला गाद्यांच्या खुर्च्या देऊ, सगळ्या बायकांना एकसारख्या साड्या देऊ, असं त्या म्हणाल्या. अट दोनच गोष्टींची होती. नाव फाउंडेशनचं लागेल, आणि मदत केलेल्या पेशंटांचे फोटो प्रसिद्धीसाठी काढले जातील.

बसम्मानं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे नाही म्हणाली. आजारी माणसाचा फोटो काढून आपण त्याला पाणीसुद्धा पाजणार नाही, असं तिनं सांगितलं. बाई हसून निघून गेल्या. त्यांना गाडीपर्यंत सोडून विजयमाला परत वर आली आणि बसम्माच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “बरं केलीस अक्का. आपलं आपण चालवू की.”

दिवाळी झाली आणि विजयमालानं बातमी आणली की दवाखान्यात तळमजल्याची दुरुस्ती काढली आहे, टेबल थोडे दिवस बंद ठेवावं लागेल. तेवढीच तुझ्या गुडघ्याला विश्रांती, असंही म्हणाली. येताना तिनं बेळगावहून मागवलेलं तेल आणलं होतं. खाली बसून तिनं ते स्वतः बसम्माच्या गुडघ्याला चोळलं. एवढं जीव लावणारं माणूस आपल्याला सख्ख्या बहिणींतही मिळालं नाही, असं त्या दिवशी बसम्मा नवऱ्याला म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दुधनीहून ओळखीच्या नागव्वाचा फोन आला. तिच्या सासूला दवाखान्यात आणलं होतं. “अक्का, तुमी कुटं दिसंना की. हितं तर लई मोठा कार्यक्रम चाललाय, समद्या बाया आल्यात.”

बसम्मा होती त्या साडीवर रिक्षात बसली.

जिन्याखाली काचेची केबिन उभी होती. तिला झेंडूच्या माळा लावल्या होत्या आणि वर फाउंडेशनचं नाव होतं. समोर खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत दूरमाहेरच्या झाडून सगळ्या बायका जांभळ्या साड्या नेसून बसल्या होत्या. ज्या गुडघेदुखी, नातवंडं, पाहुणे अशी कारणं सांगून टेबलावर येत नव्हत्या, त्याही होत्या. जुलेखाही होती. आणि माइकपाशी विजयमाला बोलत होती.

ती त्या खाटेबद्दल बोलत होती. एक खेड्यातली अडाणी मुलगी, कसं तिला भाषा येत नव्हती, डॉक्टर मूल गेल्याचं सांगत होते आणि ती बिचारी कशी हसत मान हलवत होती. ते हसू बघून आपण ठरवलं की अशी वेळ पुन्हा कुणावर येऊ द्यायची नाही. फाउंडेशनच्या बाई रुमालानं डोळे टिपत होत्या. कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपून घेत होतं.

बोलता बोलता विजयमालाची नजर मागं खांबापाशी उभ्या असलेल्या बसम्मावर पडली. ती अडखळली. बसम्माला वाटलं, आता ती थांबेल. पण विजयमालानं समोरच्या पेल्यातलं घोटभर पाणी पिऊन नजर दुसरीकडं वळवली आणि भाषण पुरं केलं.

टाळ्या वाजल्या तेव्हा बसम्मा तिथं नव्हती. नागव्वा एक्स-रेच्या दाराशी कागद हातात धरून बसली होती. बसम्मानं तिला आत नेलं, सासूला खाट मिळेपर्यंत बरोबर थांबली. हात नेहमीसारखे काम करत होते. कानात मात्र तो माइक वाजत होता. ती परत निघाली तेव्हा विजयमाला गेटपाशी तिची वाट बघत उभी होती.

“मी सांगणार होतो गे तुला,” विजयमाला तिच्या बेळगावी मराठीत म्हणाली. “पण तू हो म्हटलीच नसतीस.”

“म्हणून विचारलंच नाहीस.”

“मंडळ मरायला लागलं होतं, अक्का. तुझ्या गच्चीवर चार म्हाताऱ्या किती दिवस जमणार होत्या? आता बघ, केबिन झाली, बाया परत आल्या. काम तेच आहे की.”

यातलं काही खोटं नव्हतं. आपण पुन्हा नाहीच म्हणालो असतो आणि टेबल एक ना एक दिवस बंद पडलं असतं, हे बसम्मालाही कळत होतं.

“टेबल नेलंस, बायका नेल्यास,” ती म्हणाली. “ते हसणं कशाला नेलंस, विजू? ते माझं होतं.”

“मीपण होतो तिथं,” विजयमाला खालच्या आवाजात म्हणाली. “सांगितलं कुणी तुला? मी सांगितलो. तेव्हा माझ्या कुशीत माझं मूल होतं, आणि तुला तसं सांगायचं... माझ्या मनात काय झालं असेल, ते तू कधी विचारलीस?”

बसम्मानं खरंच कधी विचारलं नव्हतं. एरवी अशा वेळी तिनं विजयमालाचा हात हातात घेतला असता. पण या बाईनं समोर बसून आपल्या गुडघ्याला तेल चोळलं होतं, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं, एवढी एकच गोष्ट तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं रिक्षाला हात केला.

दुसऱ्या दिवशी जुलेखा घरी आली आणि उंबऱ्यातच रडू लागली. अक्काला सगळं माहीत आहे, पण रागानं येत नाही, असं विजयमालानं सर्वांना सांगितलं होतं म्हणे. बसम्मानं तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं की तुला ते खरं वाटलं का.

जुलेखानं पदरानं तोंड पुसलं. “न्हाय वाटलं, अक्का. फोन करावा असं लई वेळा आलं मनात. पण परत सगळ्या जमायला लागल्या होत्या, हसणं-खेळणं चाललं होतं. मला बरं वाटत होतं. म्हणून न्हाय विचारलं.”

खरं बोलली म्हणून बसम्माला तिचा राग आला नाही. पण पूर्वीसारखी मायाही दाटून आली नाही. उर्दू बोलणारं तुझ्यासारखं तिथं कुणी नाही, तू केबिनमध्ये बसायला जात जा, असं तिनं जुलेखाला सांगितलं. पेशंटांनी काय पाप केलंय? मग स्वतःबद्दल मात्र म्हणाली की मला पुन्हा बोलावू नका.

हिवाळाभर बसम्मा दवाखान्याच्या रस्त्यानं गेली नाही. सकाळी आवरून साडी बदलायची आणि मग कुठं जायचं नाही हे आठवून खुर्चीत बसायची. सिद्धाप्पानं एकदा विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं गं दवाखान्यात? भाषणाचा व्हिडिओ त्यालाही कुणीतरी पाठवला होता. तेव्हा इतक्या वर्षांनी तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं उठून चहा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं चहा केला असेल, आणि त्यात साखर घालायची राहून गेली. तिनं तो तसाच पिऊन टाकला.

मार्चमध्ये फाउंडेशननं संस्थापक सदस्यांचा सत्कार ठेवला. बसम्मानं येणार नाही म्हणून कळवलं. तरी तिचं नाव स्टेजवरून पुकारलं गेलं आणि तिच्या वतीनं विजयमालानं सत्कार स्वीकारला, हे जुलेखाकडून तिला कळलं.

दोन दिवसांनी दुपारी दारात गाडी थांबली. फाउंडेशनचा ड्रायव्हर बाळासो हातात शाल आणि नारळ घेऊन उभा होता. विजयमालाताईंनी पाठवलंय, म्हणाला. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. विजयमाला स्वतः आली आहे का, ते बसम्मानं खिडकीतून आधीच बघून घेतलं होतं. तिनं त्याला बसवलं, पाणी दिलं, उन्हातून आलास म्हणून ताक दिलं. नारळ ठेवून घेतला. शाल घडी न मोडता त्याच्या हातात परत दिली.

बाळासो घोटाळला. “ताईंना काय सांगू?”

“सांग,” बसम्मा म्हणाली, “अक्का घरीच होती.”